गर्भावस्था आणि विमानतळावरील तपासणी

चिकलठाणा विमानतळावर धातुशोधक चौकटीतून जाताना गर्भास अपाय होईल काय, अशी शंका अनेक गर्भवती स्त्रियांच्या मनात येते. ‘किरण’ या एकाच शब्दाने आपण भिन्न गोष्टींचा निर्देश करतो, हे या शंकेचे मूळ होय. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉन विलग करतात, म्हणजेच आयनीकरण घडवितात. जनुकद्रव्यास इजा होण्याचा संभव त्यातून उद्भवतो. चौकट व हातातील शोधक यांत केवळ क्षीण चुंबकीय क्षेत्र असते; त्याने आयनीकरण घडत नाही. क्ष-किरण वापरले जातात ते सामानाच्या यंत्रात, आणि ते यंत्र शिशाच्या पडद्यांनी बंदिस्त असते.

प्रवासातील खरी मात्रा मिळते ती आकाशात, विश्वकिरणांपासून. दिल्लीपर्यंतच्या सुमारे दोन तासांच्या उड्डाणात ती काही मायक्रोसीव्हर्टच भरते. भूमीवरही निसर्गतः जागतिक सरासरीने दररोज सुमारे ६.५ मायक्रोसीव्हर्ट मात्रा मिळतच असते. किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या स्त्रीने गर्भधारणा कळविल्यानंतर गर्भासाठी मानलेली मर्यादा १,००० मायक्रोसीव्हर्ट आहे. सारांश, चौकटीचे भय निराधार असून प्रासंगिक प्रवासही या दृष्टीने निर्धोक होय. सतत उड्डाण करणाऱ्या विमानसेविकेने मात्र आपल्या उड्डाण-तासांचा हिशेब अवश्य ठेवावा.