कुसाबाहेरची वस्ती

राहाता तालुक्यातलं गोदाकाठचं पुणतांबा चांगदेवांच्या समाधीसाठी ओळखलं जातं. 2017 च्या शेतकरी संपाची सुरुवातही इथलीच. अशा जुन्या गावांचा इतिहास आपण देवळं नि घाटांपाशीच थांबवतो. कुसाबाहेरची वस्ती त्यात क्वचितच येते.

मध्ययुगीन देशावर मोठ्या गावाला मातीचं किंवा दगडी कूस असे आणि आत शिरायला वेस. महार-मांगांची घरं त्या भिंतीपलीकडे, म्हणजे हल्ला झालाच तर सर्वांत आधी झळ त्यांना. तरीही वेशीची राखण, सारा पोचवणं, सांगावे नेणं, मेलेली गुरं ओढणं ही कामं महारांचीच होती. शिवेचा तंटा उपटला की हद्द कुठली, हे सांगायलाही महारच लागे. मोबदला वतनाची जमीन आणि बलुतं. गाव ज्यांच्या भरवशावर निजायचं, त्यांनाच आत घर नव्हतं, हा अन्याय स्पष्ट शब्दांत सांगायला हवा.

संत चोखामेळा याच व्यवस्थेतले. मंगळवेढ्याला कुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला लावलेल्या मजुरांसोबत ते गाडले गेले, अशी परंपरा सांगते; साल 1338. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे.

महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला.