वही वाचता आली पाहिजे

भोसरी, चाकण, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत असे अनेक छोटे कारखाने आहेत, ज्यांच्या मालकांची साठी उलटली आहे आणि पुढची पिढी दुसऱ्या वाटेने गेली आहे. असे उद्योग विकत घेऊन ते चालते ठेवणे हे आमच्यासारख्या छोट्या संस्थांचे काम. माणसे मोजकी आणि सौदे बेताचे, त्यामुळे सॉफ्टवेअरची चुकीची निवड इथे लगेच अंगावर येते. जीएसटीपासून आजपर्यंतच्या निवडींचा मागोवा घेताना एकच कसोटी टिकलेली दिसते: विकणाऱ्याची माहिती त्यात जशीच्या तशी येते का आणि हवी तेव्हा तशीच बाहेर काढता येते का?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उलाढाल पडताळण्याची पद्धतच बदलली. विक्रीचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये आणि भरलेला कर जीएसटीआर-३बी मध्ये दिसू लागला. वही, विवरणपत्र आणि बँकेचा उतारा या तिन्हींतले आकडे महिन्यामहिन्याने समोरासमोर मांडणे हा पडताळणीचा कणा झाला. त्यासाठी महागडी प्रणाली लागली नाही, एक्सेल पुरले. एक्सेलमधले प्रत्येक सूत्र उघडून दाखवता येते. विक्रेत्याच्या सीएने “हा फरक कुठून आला?” असे विचारले, तर त्याच तक्त्यावर बोट ठेवता येते.

वही म्हणजे बहुतेक ठिकाणी टॅली. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोएंका आणि भरत गोएंका यांनी सुरू केलेल्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर लघुउद्योगांत इतके मुरले आहे, की हिशेबनिसाच्या नोकरीच्या जाहिरातीत ‘टॅली येणे आवश्यक’ असे लिहिलेले असते. ऑनलाइन हिशेबाची सुबक साधने आम्हीही पाहिली. पण जुना हिशेब त्यांत नेताना अनेकदा फक्त आरंभीच्या शिलका जातात आणि बिलवार येणी मागे राहतात. कोणत्या गिऱ्हाईकाचे पैसे किती दिवस अडकले आहेत, हे तर त्या येण्यांतच कळते आणि सौद्याची किंमत त्यावर ठरते. म्हणून विक्रेत्याने दिलेला बॅकअप थेट उघडता यावा, यासाठी आमच्याकडेही टॅलीच राहिले.

मार्च २०२०च्या टाळेबंदीने कागद पाहायला कारखान्यात जाणे थांबवले. मोठ्या सौद्यांसाठी बनवलेल्या डेटा रूम आमच्या आवाक्याबाहेर होत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फायली फिरवणे धोक्याचे होते. विक्रीची बोलणी चालू असताना मालकाने बहुधा कामगारांना काही सांगितलेले नसते. पगारपत्रक किंवा गिऱ्हाईकांचे दर चुकीच्या हाती पडले, तर सौदा मोडतो आणि चालता धंदाही हलतो. नोंदणी, कर, बँक, कामगार, करार असे कप्पे केलेले साधे सामायिक ड्राइव्ह आम्ही निवडले. अट एकच होती: कोणाला काय दिसेल हे ठरवता यावे आणि कोणी काय कधी उघडले याची नोंद राहावी.

मालकांशी चाललेल्या संभाषणांची नोंद ठेवायला विक्रीसाठीची सीआरएम साधने तपासली. त्यांची रचना महिन्याअखेरच्या उद्दिष्टावर उभी असते. आमच्याकडे “पोराशी बोलून सांगतो” म्हणणारा मालक दोन दिवाळ्यांनंतर फोन करतो. ओळख कोणी करून दिली, शेवटचे बोलणे कधी झाले, पुढे कधी बोलायचे, एवढे सांगणारा तक्ता या धीम्या कामाला अधिक मानवतो.

मराठी कागदांनी वेगळाच धडा दिला. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉण्टमध्ये टंकलेली जुनी दरपत्रके आणि करार दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन उघडतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून मूळ छापील प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहणे हा आता प्रत्येक पडताळणीचा भाग आहे.

२०२३ ने या कसोटीवर दोन बाजूंनी शिक्कामोर्तब केले. १ एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेब सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणे आणि तो बंद करता न येणे बंधनकारक झाले. खरेदीदाराला यामुळे मागाहून फिरवलेल्या नोंदी दिसतात. मात्र हा नियम एकल मालकीच्या व भागीदारी पेढ्यांना लागू नाही. तिथे तीन कागदांचा जुना ताळाच कामी येतो. त्याच वर्षी इंट्यूटने क्विकबुक्सची भारतातली सेवा गुंडाळली आणि वापरणाऱ्यांना आपला हिशेब उचलून दुसरीकडे न्यावा लागला. नामांकित कंपनीचे उत्पादनही कायम राहीलच असे नाही. म्हणून बाहेर पडण्याची वाट खरेदीच्या दिवशीच तपासायला हवी.

आता करार वाचून सारांश देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. त्यांनी वेळ वाचतो, यात शंका नाही. पण प्रत्येक उत्तराशेजारी मूळ पान दिसले पाहिजे आणि विक्रेत्याची फाइल कुठे साठते हे ठाऊक असले पाहिजे. हयातभर उभा केलेला धंदा कोणी आपल्यापुढे उघडा करून ठेवतो, तेव्हा ती माहिती आपल्याकडे ठेव म्हणून आलेली असते. सौदा फिसकटला, तर ती त्याला पूर्ण परत देता यावी आणि आपल्याकडून पुसता यावी. ही सोय नसलेले साधन कितीही स्वस्त मिळाले, तरी आमच्या व्यवसायाने ते घेऊ नये.