जमैकात जपून

"अहो, मंगळसूत्र घालू की कपाटात ठेवू?"

जमैकाचा बेत पक्का झाला त्या रात्री सौभाग्यवतींनी विचारलेला हा प्रश्न. 2024 च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या पुतण्याने आम्हा दोघांनाही आपल्या कुटुंबाबरोबर आठवडाभर तिकडे न्यायचे ठरवले, आणि सांगलीतल्या आमच्या घरी काळजीचा पूर आला. धाकट्या बहिणीने फोनवर सुनावले, "दादा, तिथे म्हणे भरदिवसा गोळ्या घालतात. या वयात कशाला ही हौस?"

खरे सांगायचे तर आमच्या पिढीला जमैकातला धोका माहीत होता तो एकच. त्याचे नाव मायकेल होल्डिंग. 1976 साली किंग्स्टनच्या सबिना पार्कवर अंशुमान गायकवाडच्या कानावर चेंडू आदळला, निम्मा संघ जायबंदी झाला आणि दुसरा डाव 97 धावांवर आटोपला. पुढे 2007 च्या विश्वचषकात पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर किंग्स्टनच्या हॉटेलात मृतावस्थेत सापडले. पोलिसांनी गळा दाबून खून झाल्याचे जाहीर केले आणि तीन महिन्यांनी मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले. लोकांच्या लक्षात राहिला तो खूनच.

बहिणीची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. जेमतेम अठ्ठावीस लाख वस्तीच्या या देशात 2005 साली 1,674 खून झाले. 2024 मध्येही आकडा अकराशेच्या वर होता. बारा कोटींहून अधिक वस्तीच्या आपल्या महाराष्ट्रात वर्षाला सव्वादोन हजारांच्या आसपास खून होतात, यावरून काय ते समजा. पण याच बेटावर वर्षाकाठी चाळीस लाख पाहुणे येतात आणि बहुतेक सगळे उन्हाने रापून, हसतमुखाने घरी परततात. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, ते मला तिथे गेल्यावरच कळले.

सोन्याचे मंगळसूत्र कपाटात राहिले आणि काळी पोत जमैकाला आली. माँटेगो बेच्या हॉटेलात पाऊल ठेवताच प्रत्येकाच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी चढली. ती पट्टी असेपर्यंत खाणेपिणे, नाचगाणे सगळे आवारातच. सूचनाही सौम्य आवाजात मिळाल्या: अंधार पडल्यावर पायी हिंडू नका, पासपोर्ट तिजोरीत ठेवा, टॅक्सी लाल नंबरप्लेटचीच घ्या, कुणी अडवलेच तर पैसे देऊन मोकळे व्हा, हुज्जत घालू नका. पुतण्याच्या मुलाची लष्करी छापाची चड्डी पाहून स्वागतिका दचकली. तसले कपडे साध्या नागरिकाने घालणे तिथे गुन्हा आहे! नऊ वर्षांचा आमचा जवान त्याच क्षणी निःशस्त्र झाला.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एक तरुण कानाशी येऊन कुजबुजला, "गांजा?" त्या बेटावर भाषांतराशिवाय कळलेला हा माझा पहिला शब्द. कळणारच! 1845 पासून उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांबरोबर तो शब्द तिकडे पोचला आणि तिथलाच झाला. 2015 पासून थोडा गांजा जवळ बाळगल्यास तुरुंगाऐवजी दंडावर भागते, पण विमानतळावर तो सामानात सापडला तर गाठ तुरुंगाशी. ठामपणे, हसून "नको" म्हटले की तो तरुण दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे जातो. एवढ्याने भागले.

माझ्यावर प्रसंग आला तो चोराकडून नव्हे. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारे आले की त्या किनाऱ्याला लाटांचा जोर येतो. त्या सकाळी वाळूत लाल बावटा लावला होता. मी म्हटले, कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस मी, मला काय सांगता! कमरेइतक्या पाण्यात होतो, आणि पायाखालची वाळू सरकली. किनारा डोळ्यांदेखत लांब जाऊ लागला. मी जिवाच्या आकांताने किनाऱ्याकडे हात मारू लागलो. नेमके तेच करायचे नसते. ओढीशी झुंजायचे नाही, किनाऱ्याला समांतर पोहत तिच्यातून बाहेर पडायचे, हे मला नंतर समजले. जीवरक्षक पोरगा फळी घेऊन आला म्हणून हा लेख लिहितोय. हिने तेव्हा एक शब्द काढला नाही. रात्री मात्र म्हणाली, "मी सोनं सांभाळत बसले, आणि तुम्ही..." पुढचे बोलवेना तिला.

2025 च्या मार्चमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या पुंटा काना इथे वीस वर्षांची भारतीय वंशाची विद्यार्थिनी पहाटे किनाऱ्यावरून नाहीशी झाली. घातपाताची चर्चा जगभर झाली; तपास करणारे मात्र समुद्राकडेच बोट दाखवत राहिले. ती बातमी वाचताना माझ्या हातातला चहा निवून गेला.

मग ते खून होतात कुठे? हे सांगितले आम्हाला फिरवणाऱ्या टॅक्सीवाल्याने. तो माँटेगो बेचाच, पण हॉटेलांच्या रांगेमागच्या टेकडीवरच्या वस्तीतला. "तुम्हाला लॉटरी लागली, आधी कर भरा" असे फोन करून अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्या टोळ्या त्या भागात बोकाळल्या आणि त्या पैशांवरून पोरे एकमेकांचे मुडदे पाडू लागली. बंदुका बहुतेक अमेरिकेतूनच चोरून येतात. 2018 च्या जानेवारीत आणीबाणी पुकारून रस्त्यावर सैन्य उतरवावे लागले. "त्या वर्षी माझ्या गल्लीच्या तोंडाशी सैनिक उभे होते," तो म्हणाला. "मुलगी शाळेतून येईपर्यंत बायको दारातच असायची. हॉटेलात तेव्हाही रोज रात्री बँड वाजत होता."

गाडीत कुणी बोलले नाही. हिने विचारले, "आता कशी आहे मुलगी?" "परिचारिका व्हायचंय म्हणते," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला.

शेवटच्या दिवशी ही म्हणाली, तुमच्या घरी जाऊ या, मुलीला भेटू. तो ओशाळला. दिवसा हरकत नव्हती, पण परतताना अंधार पडला असता आणि आमची जबाबदारी त्याला घ्यायची नव्हती. त्याने आम्हाला हॉटेलच्या फाटकाशी सोडले. ऊन रणरणत होते. ही म्हणाली, आत येऊन निदान सरबत तरी घ्या. पहारेकऱ्याने त्याच्या मनगटाकडे पाहिले आणि मान हलवली. पट्टी नव्हती. मग हीच आत गेली, थंड सरबताचे दोन पेले घेऊन आली, आणि एक त्याला व एक पहारेकऱ्याला दिला. दोघांनी ते फाटकाबाहेरच्या सावलीत उभ्या उभ्या प्यायले.