सुरू न होणारे जुने डिझेल इंजिन : दोष कसा शोधावा

चिखलदऱ्याच्या पठारावर हिवाळ्यातील पिकांचे यश वेळेवर मिळणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. गव्हाला पेरणीनंतर सुमारे १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी पाण्याचा ताण पडल्यास फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. मोथा परिसरात घेतल्या जाणाऱ्या स्ट्रॉबेरीची मुळे उथळ असल्यामुळे तिलाही थोडे थोडे पाणी वारंवार द्यावे लागते. नेमक्या अशा दिवसांत विहिरीवरील जुने इंजिन अडून बसले आणि परतवाड्याहून मिस्त्री येण्याची वाट पाहावी लागली, तर पाळी हुकते. पुष्कळदा दोष किरकोळ असतो व तो शेतकऱ्यास स्वतः दूर करता येतो. मात्र पाना हाती घेण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूस आहे, हे ठरविले पाहिजे.

इंजिन कशावर चालते

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला सुमारे १५ ते २० पट दाबतो, त्यामुळे ती अतिशय तापते, आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. म्हणून स्वच्छ तेल, पुरेशी हवा व पुरेसा दाब या तीन गोष्टी जमल्या की इंजिन सुरू झालेच पाहिजे. कोकणातील मच्छिमार नौकांवरील डिझेल इंजिनांनाही हाच नियम लागू आहे.

प्रथम धुराकडे पाहावे

झडप उचलण्याचा खटका वर करून हँडल जोराने फिरवावे, वेग आल्यावर खटका सोडावा आणि धुराड्याकडे पाहावे. धूर मुळीच येत नसेल, तर तेल आत पोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येऊनही इंजिन धरत नसेल, तर तेल पोचते पण पेटत नाही. तेव्हा दोष दाबात, हवेत किंवा थंडीत शोधावा.

धूर येत नसल्यास

१. टाकीतील तेल व तोटी पाहावी. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र मातीने बुजले असल्यास मोकळे करावे.

२. इंजिन बंद करण्याचा खटका ‘बंद’ स्थितीत अडकला आहे काय, हे पाहावे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या इंजिनात हा दोष नेहमी आढळतो.

३. गाळणीच्या तळाचे पाणी व गाळ काढून टाकावा. गाळणी चोंदली असल्यास बदलावी.

४. इंजिनाने एअर धरली असल्यास ती काढावी. प्रथम गाळणीवरील, नंतर इंधन पंपावरील स्क्रू सैल करावा व बुडबुडे थांबून तेलाची अखंड धार आली म्हणजे आवळावा. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीची चाकी थोडी सैल करून हँडल फिरवावे आणि तेल आल्यावर ती घट्ट करावी.

धूर येतो, पण इंजिन धरत नाही

हवेची गाळणी चोंदली असल्यास साफ करावी. नंतर तेल बंद ठेवून व खटका खाली ठेवून गतिचक्र हाताने सावकाश फिरवावे. दाब चांगला असल्यास चक्र अडते व मागे उसळी घेते. ते सहज फिरत असेल, तर झडप अडकली आहे काय, झडपेची फट पुस्तिकेप्रमाणे आहे काय व हेडच्या गॅस्केटमधून हवा निसटते काय, हे पाहावे. एवढ्याने दोष न सापडल्यास सिलिंडरमध्ये दोन चमचे वंगण तेल सोडून पुन्हा फिरवावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. तो न वाढल्यास झडपा नीट बसत नसाव्यात. ही दोन्ही कामे मिस्त्रीची आहेत.

उंचीचा व थंडीचा परिणाम

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे एक-अष्टमांशाने कमी असतो. त्यातच थंडीने वंगण तेल घट्ट होते व हँडलला वेग येत नाही. परिणामी सपाटीवर चालून गेलेले झिजलेले इंजिन येथे पहाटे सुरू होत नाही. अशा वेळी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पाण्याच्या कप्प्यात कोमट पाणी भरावे. उकळते पाणी ओतू नये, कारण त्याने बीड तडकते. वंगण तेल पुस्तिकेत थंडीसाठी सांगितलेल्या प्रतीचे वापरावे.

हे टाळावे

हवेच्या वाटेत पेट्रोल ओतू नये किंवा जळता बोळा धरू नये. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलट झटक्याने मनगट मोडते. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. ते तेल कातडीत शिरते, आणि जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे लागते. बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्याचा धूर प्राणघातक ठरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच गावातील इंजिने एकदा सुरू करवून पाहावीत. त्या वेळी सापडलेल्या दोषाला गाळणी बदलण्याइतकाच खर्च येतो. तोच दोष पाण्याच्या पाळीच्या दिवशी उघडकीस आला, तर पीक गमवावे लागते.