कंबरदुखीवर हातांचा उपचार : दिलासा किती, भरवसा किती?

- प्रतिनिधी

कंबर धरली, की बहुतेक घरांत आधी तेलाची वाटी गरम होते. मग मलम, शेकण्याची पिशवी, कमरेचा पट्टा आणि शेवटी एमआरआय. एवढे करूनही दुखणे हटले नाही, की कोणीतरी सुचवते, ‘एकदा मसाज थेरपी करून बघा.’ शहरांत फिजिओथेरपी केंद्रांपासून स्पापर्यंत ‘डीप टिश्यू’, ‘मायोफेशियल रिलीज’, ‘ट्रिगर पॉइंट थेरपी’ अशा पाट्या आता सहज दिसतात. एका बैठकीत आराम पडतो, काही दिवसांनी दुखणे परत येते आणि पुढची बैठक ठरते. या चक्रात पैसे तर जातातच; पण काही वेळा मूळ आजार ओळखण्यासही उशीर होतो. म्हणूनच या उपचाराकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी, हे आधीच समजून घेतलेले बरे.

नेमके काय केले जाते?

स्नायू, त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि स्नायूंभोवतीचे ‘फॅशिया’ नावाचे पातळ, पण चिवट आवरण यांना वैद्यकशास्त्रात मृदू ऊती म्हणतात. त्यांवर हातांनी सावकाश दाब देणे, दुखरा बिंदू काही काळ दाबून धरणे किंवा आखडलेला स्नायू हळूहळू ताणणे, असे या उपचाराचे स्वरूप असते. मणक्याला झटका देऊन आवाज काढण्याची पद्धत वेगळी. ती यात मोडत नाही.

‘ट्रिगर पॉइंट’ची कल्पना रूढ करण्यात अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांचा मोठा वाटा आहे. पाठदुखीने त्रस्त असलेले अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या त्या वैद्य होत्या. डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र, एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी तपासले तरी हे बिंदू एकाच जागी सापडतील याची खात्री नसते, हा आक्षेप आजही कायम आहे.

‘गाठ मोकळी झाली’ म्हणजे काय?

‘फॅशिया चिकटला होता, तो सुटला’ असे रुग्णाला अनेकदा सांगितले जाते. परंतु २००८ मधील एका गणिती अभ्यासात असे दिसले, की मांडीच्या बाहेरील बाजूचा व तळपायाचा फॅशिया अवघा एक टक्का दाबण्यासाठीही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचे बल लागेल. मग आराम का पडतो? स्पर्श व दाब यांच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला काही प्रमाणात अडवतात, स्नायूंचा ताण कमी होतो, मनही शांत होते, असे त्याचे अधिक पटणारे स्पष्टीकरण आहे. आराम खरा असतो; पण आत काहीतरी ‘दुरुस्त’ झाले, असा त्याचा अर्थ नव्हे.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील सिएटल परिसरात दीर्घकालीन कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला मृदू ऊतींवर नेमकेपणाने काम करणारा मसाज, दुसऱ्याला केवळ शिथिल करणारा साधा मसाज आणि तिसऱ्याला नेहमीचेच उपचार देण्यात आले. दहा आठवड्यांनंतर मसाजचे दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते. दोहोंत मात्र लक्षणीय फरक नव्हता. वर्षअखेरीस लाभ बराचसा ओसरला होता. भारदस्त नावासाठी जादा शुल्क मोजण्यापूर्वी हा निष्कर्ष आठवावा. २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने २५ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यातही लाभ प्रामुख्याने अल्पकाळाचा दिसला आणि पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे नमूद करण्यात आले.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये हा उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णशिक्षण, व्यायाम आणि मानसोपचाराच्या काही पद्धतींबरोबर मसाजलाही स्थान आहे. उलट, आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा पट्टा आणि ‘ट्रॅक्शन’ यांची नेहमीच्या उपचारांत शिफारस करू नये, असे त्यात म्हटले आहे.

आधी डॉक्टर कधी?

कंबरदुखीबरोबर लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायातील शक्ती कमी होणे, अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. रेंगाळणारा ताप, कारणाविना घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तर आधी तपासणी आवश्यक आहे. मणक्याचा क्षय आपल्या देशात दुर्मीळ नाही, हे विसरता कामा नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल दाबाचा मसाज घेऊ नये.

करून पाहायचे असेल तर...

दुखणे तीन महिन्यांहून जुने असेल आणि वरीलपैकी कोणतेही लक्षण नसेल, तर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे हा उपचार करून पाहण्यास हरकत नाही. सुरुवातीलाच चार-पाच बैठकींची मर्यादा ठरवावी. ‘दुखणे किती’ एवढेच न मोजता ‘अर्धा तास सलग बसता येते का’, ‘जिना चढता येतो का’ अशा कसोट्या लावाव्यात. एक-दोन दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे. पायात कळ किंवा मुंग्या आल्यास मात्र तेथेच थांबवावे. आगाऊ पॅकेजचे पैसे भरण्याची घाई करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मसाजनंतर कंबर हलकी वाटते, तेव्हा अंथरुणावर पडून न राहता चालावे आणि शिकवलेले व्यायाम करावेत. हातांनी दिलेला दिलासा काही दिवसांचा असतो. त्या दिवसांत हालचालीची भीती गेली आणि व्यायामाची सवय लागली, तर मोजलेले पैसे सत्कारणी लागले असे समजावे.