मोटारहोमच्या मागची मोटार

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतील महामार्गांवर एक दृश्य हमखास नजरेस पडते. तीस-चाळीस फूट लांबीचे, बसच्या आकाराचे मोटारहोम पुढे धावत असते आणि त्याच्यामागे एक छोटी मोटार चारही चाकांवर निमूटपणे चालत असते. तिच्या चालकाच्या आसनावर कोणीच नसते. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या मराठी आईवडिलांना हे पाहून अचंबा वाटतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर, शयनगृह असे सारे बिऱ्हाड चाकांवर असताना आणखी एक गाडी कशासाठी?

याचे उत्तर मुक्कामाच्या ठिकाणी मिळते. तळावर मोटारहोम उभे केले की त्याला वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या नळ्या जोडल्या जातात. दूध आणायला जायचे तर हे सारे पुन्हा सोडवावे लागते. शिवाय अशी अजस्र गाडी सगळीकडे जाऊ शकत नाही. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील प्रसिद्ध 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या डोंगराळ टप्प्यात २१ फुटांहून लांब वाहनांना मज्जाव आहे. म्हणून मोठ्या जहाजाबरोबर लहान होडी असावी तशी ही मोटार सोबत नेली जाते. तिला 'डिंगी' म्हणजे होडी असेच म्हणतात. 'टोड' हे दुसरे नाव. ओढलेली या अर्थाच्या 'टोव्ड' शब्दावरची ही कोटी. टोड म्हणजे बेडूक!

मात्र घरात उभी असलेली कोणतीही गाडी मागे जोडली आणि निघाले, असे करता येत नाही. निवड चुकली तर काही तासांच्या प्रवासात गिअरबॉक्स निकामी होतो आणि दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो.

तीन पद्धती

गाडी ओढण्याच्या पद्धती तीन. पहिलीत संपूर्ण मोटार ट्रेलरवर चढवली जाते. ही गाडीसाठी सर्वांत निर्धोक. पण ट्रेलरचे वजन वाढते आणि मुक्कामी तो ठेवायला जागा लागते. दुसरीत पुढची दोन चाके 'डॉली' नावाच्या दुचाकी गाड्यावर टेकवतात. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळणाऱ्या मोटारींना ही सोयीची. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या मोटारींना सहसा चालत नाही. तिसरी पद्धत म्हणजे चारही चाके जमिनीवर ठेवून टो-बारने ओढणे. जोडायला आणि सोडायला सर्वांत सुटसुटीत असल्याने हीच अनेकांना हवी असते आणि गाडी निवडण्याचा खरा पेचही इथेच आहे.

प्रश्न वंगणाचा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप साधारणपणे इंजिनावर चालतो. गाडी ओढली जात असताना इंजिन बंद असते, पण चाके फिरत असतात आणि त्यांच्यामुळे गिअरबॉक्सचे काही भागही फिरत राहतात. पंप बंद, म्हणजे वंगण नाही. वंगणाविना मैलोनमैल फिरणारे भाग तापतात आणि झिजून जातात. दांडा न्यूट्रलमध्ये असला म्हणजे गाडी सुरक्षित, हा समज म्हणूनच घातक ठरतो.

हाताने गिअर बदलण्याच्या अनेक मोटारींत फिरणारे दातेच तेल उडवून वंगणाचे काम करतात. त्यामुळे अशा गाड्या वर्षानुवर्षे लोकप्रिय राहिल्या. तरी सर्वच कंपन्या त्यांनाही परवानगी देत नाहीत. जीप रँगलरची कथा वेगळी. तिच्यात गिअरबॉक्सच्या पुढे ट्रान्स्फर केस असतो. तो न्यूट्रलमध्ये टाकला की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. अमेरिकेत मोटारहोमच्या मागे रँगलर इतक्या दिसतात, त्याचे कारण हेच.

केवळ नावावर विसंबून चालत नाही, हे होंडा सीआर-व्हीच्या उदाहरणावरून कळते. ही मोटार ओढण्यासाठी अनेक वर्षे आवडती होती. निघण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठरावीक क्रमाने गिअर फिरवण्याचा सोपस्कार पार पाडला की काम भागे. २०१५च्या मॉडेलमध्ये सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ती मुभा संपली. नाव तेच, रूप जवळपास तेच; आतली यंत्रणा मात्र बदललेली.

विजेवर चालणाऱ्या मोटारींना तर बहुधा नकारच असतो. त्यांच्या चाकांशी मोटर कायम जोडलेली असते. चाके फिरली की तीही फिरते, वीज निर्माण होते आणि नुकसान होऊ शकते. टेस्ला आपल्या गाड्या चारही चाके जमिनीपासून उचलूनच न्याव्यात असे बजावते.

वजनाचे गणित

यंत्रणा अनुकूल असली तरी वजन पाहावेच लागते. प्रत्येक मोटारहोमला स्वतःचे आणि मागच्या वाहनाचे मिळून एकत्रित वजनाची मर्यादा असते. समजा, ही मर्यादा २६,००० पौंड आहे आणि सामानासह मोटारहोमचे वजन २२,००० पौंड भरते. मग मागे ४,००० पौंडच उरतात, भले जोडणीचा हूक ५,००० पौंड पेलणारा असो. चार दरवाजांच्या अनेक रँगलर ४,००० पौंडांच्या पुढे जातात. अशा वेळी लोकप्रिय गाडीही बाद ठरते. हिशेब कागदावरच्या वजनाने नव्हे, तर भरलेल्या गाडीचे काट्यावर वजन करून मांडावा. पाण्याची १०० गॅलनची टाकी भरली की तिच्यातच सुमारे ८३० पौंड वाढतात.

ब्रेकचा मुद्दा तर जिवाशी निगडित. मागची मोटार स्वतःहून थांबत नाही, ती पुढच्या गाडीला ढकलते. उतारावर अशा दीड-दोन टनांचा रेटा भारी पडतो. म्हणून मोटारहोमचा ब्रेक दाबताच मागच्या मोटारीचाही ब्रेक लावणारी यंत्रणा बसवतात. टो-बार निखळला तर मागची मोटार आपोआप थांबवणारी कळही तिच्यासोबत असावी. स्वतंत्र ब्रेकच्या सक्तीचे नियम राज्यागणिक बदलतात. ट्रेलरसाठी अनेक राज्यांत ही सीमा ३,००० पौंडांची आहे. भौतिकशास्त्राचा नियम मात्र राज्याची सीमा ओलांडल्यावर बदलत नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टो-बारने जोडलेली गाडी मागे घेता येत नाही. पुढची चाके वाकडी वळतात आणि जोडणीला इजा होते. तसेच स्टिअरिंग मोकळे राहावे म्हणून अनेक गाड्यांत इग्निशन अर्धवट चालू ठेवावे लागते. त्यामुळे बॅटरी उतरते. चार्जिंगची वेगळी तार जोडणे हिताचे.

शेवटचा शब्द पुस्तिकेचा

विक्रेत्याचा शब्द किंवा शेजाऱ्याचा अनुभव यांवर निर्णय सोपवू नये. त्या मॉडेलच्या, त्या वर्षाच्या आणि त्याच गिअरबॉक्सच्या मालक-पुस्तिकेत 'रिक्रिएशनल टोइंग' हे प्रकरण असते. तिथे परवानगी, वेगमर्यादा आणि करावयाची कृती दिलेली असते. तिथे नकार असेल तर ट्रेलर वापरावा, नाहीतर दुसरी गाडी शोधावी.

महाराष्ट्रात मोटारहोम विरळाच. पण ऑटोमॅटिक मोटारी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आता नित्याच्या झाल्या आहेत. त्यांपैकी एखादी द्रुतगती मार्गावर बंद पडली तर दोर बांधून ओढण्याची जुनी सवय तितकीच महाग पडू शकते. मदतीसाठी फोन करतानाच संपूर्ण गाडी उचलून नेणारा सपाट ट्रक मागवावा. इंजिन बंद आणि चाके फिरती, ही अवस्था ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला अमेरिकेत जशी मानवत नाही, तशीच खंडाळ्याच्या घाटातही मानवत नाही.