शेंड्यावरून मोजलेली जमीन

मालवणजवळच्या देवबाग गावची जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच आहे? प्रश्न साधा आहे. पण संगणकाला विचारला तर दोन सरकारी अंतराळ संस्था दोन टोकांची उत्तरं देतात. अमेरिकेच्या ‘नासा’चा नकाशा गावाला माडांच्या शेंड्यांकडे उचलून धरतो. ‘इस्रो’चा नकाशा आहे तसाच उघडला तर अख्खं गाव समुद्राच्या साठेक मीटर खाली दिसतं. दोन्ही नकाशे फुकट उतरवून घेता येतात, आणि गंमत अशी की आपापल्या हिशेबाने दोन्ही खरे आहेत.

हा केवळ अभ्यासकांचा खेळ असता तर पुरवणीत जागा अडवायचं कारण नव्हतं. पण नदीला पूर आला तर पाणी कुठवर येईल, हे ठरवणारे रंगीत नकाशे आता याच आकड्यांवरून बनतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तेरेखोलचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरलं. खारेपाटणच्या व्यापाऱ्यांना तर पावसाळ्यात दुकानातला माल वर चढवायची सवयच आहे. अशा प्रत्येक पुरानंतर कुणीतरी विद्यार्थी, सल्लागार किंवा सरकारी कार्यालय नकाशा करायला घेतं. त्यासाठी लागणारं ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सरावलेला माणूस एका दुपारीत निळ्या छटांचा देखणा नकाशा तयार करतो. निळा रंग कुठे थांबतो ते सगळे बघतात. तो तिथेच का थांबला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

उंचीचा नकाशा म्हणजे चौकटींची जाळी. ‘नासा’च्या नकाशासाठी फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ हे अंतराळयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. एक यानात आणि दुसरा ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला, अशा रडारच्या दोन अँटेनांनी एकाच जमिनीचे प्रतिध्वनी टिपले आणि त्यांच्यातल्या फरकावरून उंची काढली. त्या जाळीतली एक चौकट साधारण ३० मीटर बाय ३० मीटरची, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांना मिळून एकच आकडा. मालवण तालुक्यात नऊ गुंठ्यांत काय काय असतं ते पाहा: घर, खळं, विहीर, पंधरा-वीस माड, मांगर, आणि कडेला दोन हात खाली उतरणारा भाताचा कुणगा. या सगळ्यांची मिळून एक उंची.

त्यातही रडारला माती दिसतेच असं नाही. त्या मोहिमेतल्या रडारची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास होती. माडाची झावळं, आंब्याची पानं, घराची कौलं यांच्यावर ती आपटते आणि परत फिरते. दाट माडबनातून थोडी लहर खाली झिरपते, थोडी वरूनच परतते, आणि जो आकडा हाती येतो तो शेंडा आणि जमीन यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळत असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्लायमेट सेंट्रल’च्या दोन संशोधकांनी ही चूक जगभरच्या सखल किनाऱ्यांसाठी मोजली तेव्हा ती सरासरी दोन मीटरच्या घरात निघाली. ती दुरुस्त केल्यावर समुद्राच्या वाढत्या पातळीचा धोका असलेल्या लोकांचा जागतिक अंदाज तिपटीवर गेला. समुद्र तितकाच होता, लोकही तितकेच. फक्त जमीन खाली आली.

मालवणच्या किनाऱ्याला हे विशेष लागू पडतं. इथला कातळसडा उघडा आणि उंचावर. तिथे रडारची नजर चांगली चालते, पण तिथे पूर येत नाही. पाणी येतं ते खाडीकाठच्या, वाळूवरच्या, माडांनी झाकलेल्या वस्तीत, आणि नेमकी तिथेच मोजणी सर्वांत कच्ची. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये झाडं आणि इमारती वजा केलेली जागतिक जाळी उपलब्ध केली. ती जुन्या नकाशापेक्षा नक्कीच बरी. पण ही वजाबाकीही अंदाजाचीच, आणि जगभराच्या झाडांवर शिकलेली.

‘इस्रो’च्या नकाशाचं कोडं वेगळं आहे. मे २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ ने जोडछायाचित्रं घेतली आणि त्यावरून ‘कार्टोडेम’ बनलं. ते ‘भुवन’वर मिळतं. त्यातली उंची मोजली आहे ती गणिताने आखलेल्या, गुळगुळीत, किंचित चपट्या गोलापासून. खरा समुद्र त्या गोलावर बसत नाही. गुरुत्वाकर्षण जागोजागी कमी-अधिक असल्यामुळे हिंदी महासागराचा पृष्ठभाग खोल गेलेला आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून जास्त. कोकण किनाऱ्यावर हा फरक साठ मीटरहून अधिक भरतो. तो मिळवून घेतला नाही तर मालवणची बाजारपेठ, चिवला, दांडी, सगळं उणे आकड्यात जातं. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांत तरी भरते. दोन मीटरची चूक बिनबोभाट नकाशात बसते, म्हणून मला तिचीच जास्त भीती वाटते.

शून्य कुठलं धरायचं, हा घोळ एवढ्यावर संपत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचं शून्य १९०९ मध्ये पुऱ्या झालेल्या मोजणीतून आलं. कराची, मुंबई, कारवार अशा नऊ बंदरांतली समुद्राची सरासरी पातळी त्याला आधार आहे. भरती-ओहोटीच्या तक्त्याचं शून्य वेगळं असतं. ते असतं जवळजवळ सर्वांत खोल ओहोटीचं, कारण खलाशाला काळजी तळ लागण्याची. इकडच्या किनाऱ्यावर या दोन शून्यांत मीटरभराहून अधिक अंतर आहे. तक्त्यात उधाणाची भरती अडीच मीटर लिहिली म्हणून उंचीच्या नकाशावर थेट अडीच मीटरपर्यंत पाणी चढवलं, तर कोरड्या अंगणातही होडी चालेल.

दोन मीटरच्या चुकीने किती बिघडतं, हे जमिनीच्या उतारावर अवलंबून असतं. गड नदीचं किंवा कर्लीचं खोरं पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी सडा एकदम खाली उतरतो आणि पायथ्याशी सपाट मळा लागतो. सड्याच्या उतारावर, पाच मीटरला एक मीटर असा चढ असेल, तर दोन मीटरच्या चुकीने पुराची रेषा जेमतेम दहा मीटर सरकते. मळ्यात पाचशे मीटरला एक मीटर चढ असेल, तर तीच चूक रेषेला किलोमीटरभर ढकलते. देवबागची पट्टी समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये कुठे कुठे जेमतेम दोनशे मीटर रुंद आहे. तिथे रेषा सरकायला जागाच नाही. गाव एकतर पूर्ण निळं नाहीतर पूर्ण कोरडं. हडीच्या पाणखोल जुव्याचीही तीच गत. अशा जागी नकाशाने ‘पाणी येणार नाही’ म्हटलं तर त्याला काडीची किंमत देऊ नये.

आता पाणी कसं चढवतात ते पाहू. सगळ्यांत सोपी रीत म्हणजे घंगाळात पाणी ओतल्यासारखी: पातळी ठरवायची आणि त्याहून खालची प्रत्येक चौकट निळी करायची. यात खाडीशी काहीही संबंध नसलेले खोलगट भागही भरून जातात. म्हणून ‘ग्रास’ नावाच्या जुन्या, तितक्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये पाण्याला सुरुवातीचा एक बिंदू द्यावा लागतो. तिथून सलग जोडलेल्या चौकटीच भिजतात. ब्राझीलच्या संशोधकांनी आणखी एक युक्ती काढली. समुद्रसपाटीचा हिशेब सोडून द्यायचा आणि प्रत्येक चौकट तिचं पाणी ज्या व्हाळात उतरतं त्या व्हाळापेक्षा किती उंच आहे, एवढंच मोजायचं. सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत नदीची पातळी सतत उतरत जाते, त्यामुळे ही रीत आपल्याकडे बऱ्यापैकी चालते, आणि शून्याचा घोळही टळतो.

पण ‘जोडलेलं’ म्हणजे काय, हे जाळीला कळत नाही. खारभूमीचा बांध माथ्यावर दोन-तीन मीटर रुंद. तीस मीटरच्या चौकटीत तो विरघळून जातो आणि त्याच्या आतली भातशेती नकाशावर रोजच्या भरतीतही बुडलेली दिसते. उलट महामार्गाचा किंवा कोकण रेल्वेचा रुंद भराव चौकटीत ठळक उमटतो, पण त्याखालची मोरी उमटत नाही. मग नकाशावर भरावाच्या वरच्या अंगाला धरण तयार होतं. पुलांचंही तसंच. रडारला पूल दिसतो, खालून जाणारी नदी दिसत नाही, आणि संगणक मुकाट्याने नदी अडवतो. हे सगळं हाताने फोडावं लागतं, मोरी-मोरीवर बोट ठेवून. कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग हाच, आणि वगळला जातो तोही हाच.

यापुढे जायचं तर पाणी वाहतं हे मान्य करावं लागतं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. घाटमाथ्यापासून किनारा सरळ रेषेत फार लांब नाही, त्यामुळे हे पाणी दिवसांत नव्हे, तासांत खाली येतं. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने बनवलेलं ‘हेक-रास’ हे असं वाहतं पाणी मोजतं. त्याला नदीचा आडवा छेद लागतो, आणि नदीचा तळ उपग्रहाला दिसत नाही. रडारच्या जाळीत खाडी म्हणजे एक सपाट पट्टा. तळ मोजायचा तर होडीतून, यंत्राने किंवा दोरी-शिशाने. कर्ली आणि कालावल खाडीत वाळूचा उपसा चालतो, देवबागच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्या जागा बदलतात. तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा छेद आजचा म्हणून वापरणं धाडसाचंच.

दुसरी लागते ती पात्राच्या आणि काठाच्या खरबरीतपणाची संख्या. आयर्लंडच्या रॉबर्ट मॅनिंग यांचं १८८९ मधलं सूत्र आजही सगळे वापरतात. स्वच्छ, सरळ पात्रासाठी ०.०३, झाडीने गच्च काठासाठी ०.१ किंवा त्याहून जास्त. कांदळवन किती दाट आहे, हे बघून हा आकडा ठरवायचा. एकदा काठावरची झाडी लक्षात घेऊन हा आकडा वाढवला की पाण्याची पातळी चढते, आणि पात्रात कुणी बदल न करता पूररेषा नदीपासून आणखी लांब जाते.

तिसरी गोष्ट खालच्या टोकाची. इथे उधाणाला भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो आणि दर साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते. वरसून पूर आणि खालसून भरती एकदम इली तर पाणी जाणार कुठे, हे मसुऱ्यात किंवा काळशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. संगणकाला मात्र सांगावं लागतं. भरतीचं पाणी जिथवर चढतं त्याच्या वरच्या गावांना यामुळे फारसा फरक पडत नाही. मुखाजवळच्या गावांना तोच फरक सर्वांत मोठा. एकच सरासरी पातळी गृहीत धरून केलेला नकाशा वरच्यांना पुरतो आणि खालच्यांना फसवतो.

महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ म्हणजे पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षं निवांत, असा समज सर्रास आढळतो. खरं तर दर वर्षी त्याची शक्यता चार टक्के असते आणि सलग २५ वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के. लाल रेषेवरचं पाणीदेखील घराचं तीस वर्षांचं कर्ज फिटायच्या आत उंबऱ्याला लागण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक.

एवढं करून नकाशा खरा की खोटा, हे ताडायचं कसं? मोठ्या नद्यांवर उपग्रहाचं रडार कामी येतं. युरोपचा सेंटिनेल-१ ढगांच्या आरपार बघतो आणि साचलेलं पाणी काळंशार दाखवतो. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशा चित्रांवरून पुराचे नकाशे काढतं. गंगेच्या किंवा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात पाणी आठवडाभर तुंबतं, त्यामुळे उपग्रहाला ते सापडतं. कोकणातला पूर सकाळी येतो आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी ओसरलेलाही असतो. एकाच जागेवर कित्येक दिवसांनी परतणाऱ्या उपग्रहाला तो बहुधा चुकतोच. शिवाय जुलैत लावणीसाठी प्रत्येक कुणग्यात पाणी बांधलेलं असतं. रडारला तो पूरच वाटतो.

मग उरतात भिंती. पाणी ओसरल्यावर चुन्यावर राहिलेली मातकट रेघ, दुकानाच्या फळीवरची खूण, कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं ते. दिवस-वेळेसकट नोंदलेली अशी एक रेघ, लेव्हलिंगच्या यंत्राने सर्वेक्षण विभागाच्या खुणेशी जोडलेली, हेक-रासमधला खरबरीतपणाचा आकडा जागेवर आणते. मोबाइलच्या जीपीएसवर यासाठी विसंबू नये. उंचीच्या बाबतीत तो सहज कित्येक मीटर इकडेतिकडे होतो. पुराची वेळ मिळाली की त्या दिवशीचा भरतीचा तक्ता काढता येतो आणि खालच्या टोकाची पातळीही बसवता येते. सप्टेंबर २०१८ पासून फिरणाऱ्या ‘आइससॅट-२’ च्या लेसरचे काही किरण झावळ्यांच्या फटींतून जमिनीवर पोचतात; जिथून त्याची वाट गेली असेल तिथे माडांखालची खरी उंचीही ताडता येते.

भिंतींची अडचण एवढीच की गणपतीआधी घराला रंग निघतो. पूर जुलै-ऑगस्टचा, चतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरची. रेघ पुसली जायला मध्ये कित्येकदा महिनाही मिळत नाही. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या शिपायाने डबाभर ऑइलपेंट घेऊन शाळेच्या, देवळाच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर रेघ, तारीख आणि वेळ उतरवून घेतली, तर पुढच्या नकाशावाल्याला नऊ गुंठ्यांच्या आकड्याशी ताडून बघायला हाताशी काहीतरी राहील.